एमबीएच्या मुलांना लीडरशिप शिकवायची तर: तयारी, सेमिस्टरचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

नागपुरातल्या एमबीए कॉलेजांत लीडरशिपचा पेपर बहुतेक ठिकाणी एकाच चालीने जातो. सुरुवातीचे पाच-सहा आठवडे थिअऱ्यांच्या पीपीटी, मग मोठ्या उद्योगपतींवर आणि क्रिकेट कॅप्टनवर ग्रुप प्रेझेंटेशन, मधे एक गेस्ट लेक्चर, आणि शेवटी वेळ उरला तर एखादी अ‍ॅक्टिव्हिटी, तीही चर्चेविना कारण तोवर तास संपलेला असतो. पोट्टे पेपर मस्त लिहितात, आकृत्या बरोबर काढतात, आणि इंटर्नशिपला बुटीबोरीच्या कंपनीत गेल्यावर पंधरा-वीस वर्षं शॉप फ्लोअरवर काढलेल्या सुपरवायझरशी पहिलं वाक्य काय बोलायचं हेच त्यांना सुचत नाही.

माझ्या मते दोष मुलांचा नाही आणि सिलॅबसचाही फारसा नाही, क्रमाचा आहे. आधी करायला लावायचं, मग जे झालं त्यावर बोलायला लावायचं, आणि त्यानंतर थिअरी. डेव्हिड कोल्बने १९८४ मध्ये मांडलेलं चक्र हेच सांगतं: अनुभव, त्यावर विचार, त्यातून संकल्पना, आणि मग नव्याने करून बघणं. हे चक्र आपण मुलांना पाच मार्कांसाठी शिकवतो आणि आपल्या वर्गात मात्र उलटं फिरवतो.

खालचा क्रम साठ मुलांची बॅच आणि पंधरा आठवड्यांचं सेमिस्टर धरून लिहिलाय.

## टप्पा १: काय शिकवायचं ते वागण्याच्या भाषेत लिहा

कोर्स आऊटकममध्ये "विद्यार्थ्यांमध्ये नेतृत्वगुण विकसित होतील" असं लिहिलेलं असतं. ते फाईलमध्ये असू द्या, पण स्वतःसाठी एका कागदावर चार-पाचच गोष्टी लिहा ज्या डोळ्यांनी दिसतील किंवा कानांनी ऐकू येतील. उदाहरणार्थ:

- गप्प बसलेल्या माणसाला नाव घेऊन विचारणं.
- काम वाटताना कोण, काय, केव्हापर्यंत हे तिन्ही सांगणं.
- आपल्याला पटत नसलेलं मत आधी नीट ऐकून परत सांगणं, मग विरोध करणं.
- अडचण आली की ती लपवून न ठेवता वेळेत कळवणं.
- सोबत्याला तोंडावर, सभ्यपणे, नेमकं सांगणं की कुठे चुकलं.

तपासा: तुमच्या यादीतली गोष्ट मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवता येईल का? "आत्मविश्वास", "व्हिजन", "पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड" यांचा व्हिडिओ निघत नाही, ते शब्द काढून टाका.

## टप्पा २: कॅलेंडर उलटीकडून भरा

शेवटच्या परीक्षेची तारीख धरा आणि मागे या. ऑगस्ट ते डिसेंबरचं सेमिस्टर असेल तर नागपूरचे दिवस आधी खोडून ठेवा: पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा-मारबत, गणपती, दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारी गर्दी, दिवाळी. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्स, सीताबर्डीकडचे रस्ते मोर्चांमुळे कधी बंद होतील सांगता येत नाही, म्हणून मुलांना बाहेर पाठवायचं काम दिवाळीच्या आधीच संपवायचं. उन्हाळ्याचं सेमिस्टर असेल तर बाहेरचं काम मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरका, पुढे दुपारी कोणीही मनापासून फिरत नाही आणि फिरवूही नये.

दुसरी गोष्ट, टाईमटेबलमध्ये जोडून दोन तास मागून घ्या. एच.ओ.डी.ना सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी भेटा, नंतर कोणी बदलून देत नाही. पन्नास मिनिटांच्या तासात अ‍ॅक्टिव्हिटी बसते पण तिच्यानंतरची चर्चा बसत नाही, आणि शिकणं तर त्या चर्चेतच होतं.

## टप्पा ३: ग्रुप तुम्ही पाडा

मुलांवर सोडलं तर मित्र-मित्र एकत्र येतात, रोल नंबरने पाडलं तर एकाच पद्धतीने अ‍ॅडमिशन झालेली मुलं एका जागी. सहा-सहा जणांचे दहा ग्रुप करा. इंजिनिअरिंगवाला, बी.कॉम.वाला, नोकरी करून आलेला एखादा, होस्टेलवाला, रोज घरून येणारा, असे मिसळा. मुलींचं संख्याबळ बघा: सहा जणांत एकच मुलगी ठेवली तर तिच्याकडे लिहायचं काम जातं, हे इतक्या वेळा होतं की त्याला योगायोग म्हणता येत नाही.

आणि भाषेचं. गोंदिया, गडचिरोली, भंडारा, यवतमाळकडून आलेली बरीच मुलं विचार मराठीत किंवा हिंदीत करतात आणि इंग्रजीत बोलताना अडखळतात. ग्रुपमध्ये फाडफाड इंग्रजी बोलणारा पहिल्या पाच मिनिटांत लीडर होऊन बसतो, बाकीचे मान डोलवतात, आणि आपणही नकळत त्यालाच चांगला लीडर समजतो. पहिल्याच दिवशी सांगून टाका: अ‍ॅक्टिव्हिटी आणि चर्चा ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत, फक्त शेवटचा रिपोर्ट इंग्रजीत. हा एक बदल केला तरी कोण खरंच ग्रुप चालवतंय ते दोन आठवड्यांत दिसायला लागतं.

सावधान: ग्रुप लीडर नेमू नका. दर कामाला पाळी बदला, म्हणजे सेमिस्टरअखेर प्रत्येकाने एकदा तरी धुरा सांभाळलेली असेल.

## टप्पा ४: थिअरीच्या आधी पहिली अ‍ॅक्टिव्हिटी

स्पॅगेटी आणि मार्शमेलोचा टॉवर करायची अठरा मिनिटांची अ‍ॅक्टिव्हिटी सगळ्यांनी यूट्यूबवर बघितलेली असते, तिच्यातलं नवेपण गेलं. त्याऐवजी वाटून दिलेल्या माहितीची अ‍ॅक्टिव्हिटी घ्या. हिच्या मागे गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांचा १९८५ चा प्रयोग आहे. त्यात दिसलं होतं की ग्रुप सगळ्यांना आधीच माहीत असलेल्याच गोष्टींवर चर्चा करत बसतो आणि एकेकट्याकडे असलेली माहिती टेबलावर येतच नाही.

कार्ड कशी करायची ते नीट सांगतो, कारण इथेच गडबड होते.

१. गोडाऊनसाठी जागा निवडायची आहे असं धरा. तीन जागा: क, ख, ग. बुटीबोरी, हिंगणा, मिहान अशी खरी नावं देऊ नका, नाहीतर पोट्टे कार्ड सोडून "माझे काका तिथेच आहेत, तिथे लाईट जाते" यावर येतात.

२. जागा क: चार चांगल्या गोष्टी, पाच वाईट. जागा ख: पाच चांगल्या, तीन वाईट. जागा ग: तीन चांगल्या, पाच वाईट. सगळे मुद्दे साधारण सारख्या वजनाचे ठेवा.

३. चर्चा करणाऱ्या पाचही जणांच्या कार्डावर क च्या चारही चांगल्या गोष्टी, ख च्या तिन्ही वाईट गोष्टी आणि ग चं सगळं छापा.

४. उरलेलं वाटून द्या: क ची एकेक वाईट गोष्ट आणि ख ची एकेक चांगली गोष्ट, प्रत्येकाला वेगळी.

म्हणजे एकट्याने कार्ड वाचलं की क भारी वाटते, आणि पाचही कार्ड एकत्र केली की ख सरस ठरते. कार्ड एकमेकांना दाखवायचं नाही, फक्त बोलायचं. वेळ वीस मिनिटं.

सहावा मुलगा किंवा मुलगी निरीक्षक. त्याला कोरा कागद देऊन "बघ कसं चाललंय" म्हणाल तर "टीमवर्क चांगलं होतं" एवढंच लिहून येईल. चार रकाने आखून द्या: वेळ, कोण बोललं, काय बोललं, त्यावर लगेच काय झालं. मत लिहायचं नाही. एका निरीक्षकाच्या कागदावरची ही ओळ बघा: "११.१४, टँकरचं कार्ड असलेली मुलगी बोलायला लागली, समोरचा म्हणाला 'ते नंतर बघू', पुढे कोणी विचारलं नाही." अशा तीन ओळी हातात असल्या की पुढचा अर्धा तास चर्चेला काही कमी पडत नाही.

तपासा: कार्ड वर्गात नेण्याआधी स्टाफरूममधल्या पाच सहकाऱ्यांवर एकदा चालवून बघा. पाचही जण सुरुवातीलाच ख म्हणाले तर तुमचं वाटप चुकलंय.

## टप्पा ५: चर्चा, आणि हिच्यासाठी अ‍ॅक्टिव्हिटीच्या दुप्पट वेळ

अ‍ॅक्टिव्हिटी वीस मिनिटांची असेल तर चर्चा चाळीस मिनिटांची. आधी निकाल सांगू नका. "बरोबर उत्तर ख होतं" हे पहिल्या मिनिटाला सांगितलं की ज्यांचं क आलं ते स्वतःचा बचाव करत बसतात, जिंकलेले शेखी मिरवतात, आणि विचार करणं बंद होतं.

प्रश्न या क्रमाने विचारा:

१. काय झालं? फक्त घटना, निरीक्षकाच्या कागदावरून.
२. त्या वेळी तुला काय वाटलं?
३. असं का झालं असेल?
४. ऑफिसात, इंटर्नशिपला हे कुठे होईल?
५. पुढच्या वेळी तू नेमकं काय वेगळं बोलशील? वाक्य म्हणून दाखव.

पहिल्या प्रश्नालाच मुलं तयार उत्तर देतात, त्याला भुलायचं नाही. चर्चा साधारण अशी जाते:

"काय झालं तुमच्या ग्रुपमध्ये?"
"सर, कम्युनिकेशन गॅप होता."
"कोणाचं काय बोलायचं राहून गेलं?"
"माझं, सर. पाण्याच्या टँकरचं माझ्याकडे होतं. मी काढला होता विषय."
"ते नंतर बघू असं म्हटलं होतं न आम्ही."
"नंतर म्हणजे केव्हा पाहिलं?"

इथे सगळे गप्प होतात. तुम्हीही गप्प राहा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला शिकवायची सवय, त्यामुळे तीन सेकंदांत आपणच उत्तर देऊन टाकतो आणि हातातली गोष्ट घालवतो. थांबलं की कोणीतरी बोलतंच. त्या मुलीने हळूच सांगितलं, "मला वाटलं ह्याला फायनान्स चांगलं येतं, तर ह्याचंच बरोबर असेल." यानंतर मॅनेजरला हाताखालच्या लोकांकडून खरी माहिती का मिळत नाही, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सावधान: चर्चेत कोणाचीही घरची परिस्थिती, जात, गाव, इंग्रजी यावर शेरा आला तर तिथल्या तिथे थांबवा आणि वर्गासमोरच थांबवा. आणि "आयुष्यातला सगळ्यात कठीण प्रसंग सांगा" असलं काही सगळ्यांसमोर सक्तीने करवून घेऊ नका. काही मुलांचं दुःख ताजं असतं, त्यांनी ते साठ जणांसमोर कशासाठी मांडायचं?

## टप्पा ६: आता थिअरी, थोडी आणि जोडून

प्रत्येक थिअरी आधी झालेल्या एखाद्या प्रसंगाला बांधा. वीस मिनिटांत होते.

कुर्ट लेविन, लिपिट आणि व्हाईट यांचा १९३९ चा अभ्यास घ्या. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांचे छंद-गट, त्यांना वेगवेगळ्या पद्धतीने वागणारे मोठे लीडर. हुकूम सोडणारा लीडर खोलीबाहेर गेला की त्या गटाचं काम ढेपाळायचं, सगळ्यांना सामील करून घेणाऱ्याच्या गटाचं चालू राहायचं. हे सांगायच्या आधी एक करा: अ‍ॅक्टिव्हिटी चालू असताना त्या त्या ग्रुपमध्ये ज्याची लीडरची पाळी असेल त्याला पाच मिनिटं बाहेर बोलवा आणि मागे काय झालं ते निरीक्षकाला लिहायला सांगा. मग लेविन आपोआप कळतो.

टकमनचे १९६५ चे टप्पे, म्हणजे जमणं, भांडणं, बसवणं, कामाला लागणं, हे ग्रुपमध्ये पहिलं खरं भांडण झाल्यावर शिकवा, साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात होतंच. हर्सी-ब्लँचर्डचं १९६९ चं मॉडेल, म्हणजे समोरचा कितपत तयार आहे ते बघून लीडरने आपली पद्धत बदलायची, हे पुढच्या टप्प्यातल्या बाहेरच्या कामात कोणाला किती सूचना द्यायच्या त्याच्याशी जोडा. ब्लेक-माउटनचं ग्रिड, म्हणजे लीडरचं लक्ष कामाकडे किती आणि माणसांकडे किती याचा तक्ता, परीक्षेपुरतं एका तासात उरका, त्यावर चार तास घालवण्याएवढं त्यात काही नाही.

व्यक्तिमत्त्वाचे सोळा प्रकार सांगणाऱ्या टेस्टबद्दल: घ्यायचीच असेल तर गप्पांना निमित्त म्हणून घ्या. तिच्यावरून लीडर ठरवू नका, मार्क देऊ नका. ती टेस्ट काढणारेच सांगतात की नोकरीच्या निवडीसाठी ती वापरायची नाही.

## टप्पा ७: वर्गाबाहेरचं खरं काम, तीन आठवडे

काम निवडताना चार अटी. कॉलेजबाहेरचा किंवा निदान वर्गाबाहेरचा एखादा माणूस त्या कामावर अवलंबून असला पाहिजे. ते फसू शकलं पाहिजे. त्यात मुलांनी पैसे गोळा करायचे नाहीत. आणि ते तीन आठवड्यांत संपलं पाहिजे.

रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, बॅनर लावून केलेला कार्यक्रम हे सगळं चांगलंच आहे, पण त्यात पाहुणे, सत्कार आणि फोटो यातच मुलांची शक्ती जाते, आणि कोणाला समजावून वागणं बदलायला लावायची वेळच येत नाही. त्यापेक्षा होस्टेलच्या मेसमध्ये ताटात उरणारं अन्न कमी करणं, लायब्ररीत रीडिंग रूमची जागा अडवून ठेवायची सवय मोडणं, कॉलेजजवळच्या एखाद्या छोट्या दुकानदाराची उधारीची वही नीट लावून देणं, अशी कामं बघा. दिसायला साधी, पण माणसांना वळवल्याशिवाय होत नाहीत.

मेसचं उदाहरण जवळून बघा. ग्रुप पहिल्या दिवशी स्लाईड घेऊन मेसवाल्या काकांकडे जातो आणि अन्नाची नासाडी कशी वाईट हे त्यांनाच सांगतो. काका भाजी ढवळता ढवळता ऐकतात आणि म्हणतात, "बेटा, आधी चार दिवस बादली तोलून पाहा, मग मले सांगा." मग मुलं काटा आणतात, दोन्ही वेळचं उरलेलं वेगवेगळं तोलतात, आणि कळतं की जास्त वाया जातो तो भात, तोही रात्री, कारण वाढणारा एकदाच भरून वाढतो. आता वाढणाऱ्या दादाला कोण बोलणार, काय बोलणार, त्याला राग आला तर काय? हा प्रश्न ज्या दिवशी ग्रुपमध्ये येतो त्या दिवसापासून खरा कोर्स सुरू होतो, आणि त्या आठवड्यात तुम्ही त्यांच्यासोबत असायला हवं. बोलायचं मात्र मुलांनीच.

तपासा, दर आठवड्याला: या आठवड्यात पाळी कोणाची होती? बाहेरच्या माणसाशी प्रत्यक्ष कोण बोललं? एकच नाव परत परत येत असेल तर पाळी कागदावरच आहे.

सावधान: होस्टेलच्या मुलींना आत यायची वेळ असते, रोज बसने उमरेड-काटोलकडून येणाऱ्यांना शेवटची गाडी. ग्रुपच्या मीटिंग रात्री आठला ठेवल्या की ही मुलं आपोआप बाहेर पडतात आणि वर "इंटरेस्ट नाही" असा शिक्का बसतो. मीटिंग कॉलेजच्या वेळेतच, हा नियम करा.

## टप्पा ८: एकमेकांना फीडबॅक

अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपची तीन पायऱ्यांची पद्धत सोपी आहे: प्रसंग, वागणं, परिणाम. "तू फार डॉमिनेटिंग आहेस" असं बोलायचं नाही. "मंगळवारी काकांसमोर मी आकडे सांगत होते, तू मधेच तोडलंस, त्यानंतर काका फक्त तुझ्याशीच बोलले आणि मी गप्प झाले", असं. ऐकणाऱ्याने फक्त "कळलं" म्हणायचं, खुलासा त्या दिवशी द्यायचा नाही.

हे जोडी-जोडीने करा, सगळ्यांसमोर नको. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच नको. गूगल फॉर्मवर निनावी फीडबॅक घेतला की जुनी भांडणं निघतात आणि तोंडावर बोलायचा सराव, जो द्यायचा होता, तोच राहतो.

## टप्पा ९: गेस्ट बोलवायचा तर

बायोडेटा वाचून दाखवणं, बुके, तासभर यशोगाथा, शेवटी दोन प्रश्न आणि चहा, हा साचा मोडा. पाहुण्यांना आधी फोन करून सांगा की भाषण नको, न सुटलेली एक अडचण घेऊन या: सोडून चाललेला चांगला माणूस, दोन शिफ्टमधलं भांडण, कळमन्याच्या मार्केटमधला एखादा हट्टी जुना अडतिया. दहा मिनिटं त्यांनी मांडायची, तीस मिनिटं मुलांनी प्रश्न विचारायचे, मग त्यांनी काय केलं ते सांगायचं. हिंगण्याच्या एमआयडीसीतला शिफ्ट इनचार्ज यासाठी सीईओपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण मुलांची पहिली नोकरी त्याच्याच आसपासची असणार आहे.

## टप्पा १०: मार्क कशाला द्यायचे

इंटर्नल जितके असतील त्याचे चार भाग करा. तीस टक्के रोजनिशीला, तीस बाहेरच्या कामाला, वीस फीडबॅकच्या नेमकेपणाला, वीस शेवटच्या तोंडी परीक्षेला. "लीडर कोण होता" याला मार्क नाहीत.

रोजनिशी घरून लिहून आणायला सांगितली की सगळ्यांची एकसारखी गुळगुळीत येते, चॅटजीपीटीची. म्हणून तासाच्या शेवटची दहा मिनिटं, वर्गात, हाताने, अर्धं पान, दोनच प्रश्न: आज मी नेमकं काय बोललो ज्याने काही बदललं? काय बोलायला हवं होतं आणि बोललो नाही? वही तिथेच जमा.

काम फसलं म्हणून मार्क कापू नका, लपवलं तर कापा. एमी एडमंडसनला हॉस्पिटलच्या टीमचा अभ्यास करताना (तो १९९६ मध्ये छापून आला) असं दिसलं की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या होत्या, कारण तिथे लोक चूक बोलून दाखवत होते. तुमच्या मार्किंगने जर सगळ्या रिपोर्टमध्ये "सर्व उद्दिष्टं साध्य झाली" येत असेल, तर तुम्ही मुलांना लपवायला शिकवताय.

तोंडी परीक्षेत थिअरी विचारायची नाही. रोजनिशीतलं एक वाक्य काढा, मुलाला म्हणा, मी तो वाढणारा दादा आहे, बोल माझ्याशी. तीन मिनिटं पुरतात.

## टप्पा ११: सेमिस्टर संपल्यावर

मेसवाले काका, दुकानदार, लायब्ररीवाले मॅडम, ज्यांच्याकडे ग्रुप गेले त्या सगळ्यांना स्वतः भेटा आणि विचारा की पोट्ट्यांनी काय बरं केलं, काय त्रास दिला. पुढच्या वर्षी तेच लोक दार उघडणार आहेत. निरीक्षकांच्या कागदांतल्या चांगल्या ओळी नावं काढून वेगळ्या लिहून ठेवा, नव्या बॅचच्या निरीक्षकांना दाखवायला कामी येतात. आणि कार्ड बदला: उत्तर सीनियरकडून ज्युनियरकडे जातंच, म्हणून पुढच्या वर्षी सरस जागा ग ठेवा, मुद्दे नवे लिहा, आणि नवीन बॅच यायच्या आधी स्टाफरूममध्ये परत एकदा चालवून बघा.